वर्गणी, नोंदवही आणि विश्वास

इंटरनेटवरील खासगीपण ही विकत घ्यायची वस्तू होऊ शकते, हा विचार 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. तोवर अशा सेवा बहुधा हौसेने आणि विनामूल्य चालत. योहान हेलसिंगियस यांनी 1993 मध्ये फिनलंडमध्ये सुरू केलेली ‘अनॉन डॉट पेनेट डॉट फाय’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली सेवा. पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता काढून त्याजागी क्रमांकाचे टोपणनाव घालायचे आणि संदेश पुढे धाडायचा, एवढेच तिचे काम असले, तरी आलेले उत्तर मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचवण्यासाठी टोपणनाव आणि खरा पत्ता यांची सांगड घालणारा तक्ता चालकाला जपून ठेवावाच लागे. चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या तक्रारीवरून 1995 मध्ये पोलिसांनी त्या तक्त्यातील एका वापरकर्त्याचा पत्ता मिळवला आणि पुढच्याच वर्षी हेलसिंगियस यांनी सेवा बंद केली. त्यांच्या सचोटीविषयी कोणाला शंका नव्हती, आणि सेवेतून ते पैसाही कमावत नव्हते. विश्वासाला तडा गेला तो केवळ तक्ता अस्तित्वात होता म्हणून. सशुल्क सेवांचा पुढचा इतिहास या तक्त्याला सोडून वाचता येत नाही, कारण ग्राहकाने पैसे मोजले की त्याच्या नावाची आणखी एक नोंद निर्माण होते.

या अडचणीचे गणिती उत्तर त्याआधीच सापडलेले होते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी 1980च्या दशकाच्या प्रारंभी ‘अंध स्वाक्षरी’ची कल्पना मांडली. आत कार्बन कागद लावलेल्या बंद पाकिटावर सही केली असता ती आतल्या कागदावर उमटते, पण सही करणाऱ्याला कागदावरचा मजकूर दिसत नाही. त्याचप्रमाणे बँकेने डिजिटल नाण्यावर सही करून ते खरे ठरवायचे, मात्र ते नाणे नंतर कोणी कोठे खर्च केले हे तिला कळू द्यायचे नाही, अशी ही योजना होती. चॉम यांची डिजीकॅश ही कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत निघाली. किंमत चुकती करणे आणि ओळख देणे या दोन क्रिया वेगळ्या करता येतात, एवढे मात्र तिने दाखवून दिले होते.

मॉन्ट्रियल येथील झिरो-नॉलेज सिस्टिम्स या कंपनीने 1999च्या अखेरीस बाजारात आणलेल्या ‘फ्रीडम’ या सेवेत हीच विभागणी धंद्याच्या पायाशी होती. ग्राहकाने वर्षाला सुमारे 50 डॉलर भरून पाच टोपणनावे घ्यायची आणि त्या नावांनी चालणारी त्याची सर्व वाहतूक कूटबद्ध होऊन अनेक सर्व्हरांतून फिरत जायची. शिवाय पैसे भरणारा कोण आणि टोपणनाव कोणाचे, यांचा मेळ खुद्द कंपनीलाही घालता येऊ नये, अशा रीतीने खरेदीची रचना केलेली होती. एवढी काळजी घेणाऱ्या या सेवेला खर्च भरून निघण्याइतके वर्गणीदार लाभले नाहीत आणि ऑक्टोबर 2001 मध्ये ते जाळे बंद पडले. त्या काळी इंटरनेटवरील जवळजवळ सर्व काही फुकट मिळत होते आणि त्या फुकटपणाची किंमत लोकांच्या ध्यानात आलेली नव्हती.

ती ध्यानात यायला दीड दशक जावे लागले. फेसबुकने 2013 मध्ये ओनाव्हो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे विनामूल्य अ‍ॅप व्हीपीएन होते, म्हणजे वापरकर्त्याची सगळी वाहतूक आपल्या सर्व्हरमार्फत नेऊन त्याचा मूळ पत्ता झाकणारी सेवा. संरक्षणाच्या नावाखाली दिलेले हे अ‍ॅप लोक कोणती इतर अ‍ॅप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होते, आणि त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने 2023 मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ‘पैसे घेणाराच विश्वासू’ हे मत अशा प्रकरणांमुळे बळावले आणि त्यात तथ्यही आहे, कारण वर्गणीवर जगणाऱ्या कंपनीला ग्राहकाची माहिती विकण्याची गरज उरत नाही.

परंतु गरज नसणे वेगळे आणि माहिती हाती नसणे वेगळे. हाइडमायअ‍ॅस ही ब्रिटिश व्हीपीएन सेवा वर्गणी घेत असे, तरीही कोण कोणत्या वेळी जोडला गेला याची नोंद, म्हणजे ‘लॉग’, ती ठेवत होती आणि 2011 मध्ये न्यायालयीन आदेशावरून तिने ती स्वाधीन केली. टेक्सासमधील लॅव्हाबिट या ई-मेल सेवेत साठवलेली पत्रे कूटबद्ध ठेवण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना होती. मात्र सर्व ग्राहकांची जोडणी सुरक्षित करणारी किल्ली कंपनीकडे असल्याने 2013 मध्ये अमेरिकी सरकारने नेमकी तीच मागितली. चालक लडार लेव्हिसन यांना दररोज 5,000 डॉलर दंडाच्या धाकाखाली ती द्यावी लागली आणि 8 ऑगस्ट रोजी त्यांनी सेवाच बंद केली. लेव्हिसन यांचे धैर्य आदरास पात्र आहे. वर्गणीने मात्र तेथे कोणाचेही रक्षण केले नाही.

या अनुभवांतून काढता येणारा निष्कर्ष सर्वांत काटेकोरपणे अमलात आणला तो स्वीडनमधील गोटेबोर्गच्या मुल्वाड या व्हीपीएन कंपनीने. सीमेपार जाणाऱ्या दळणवळणावर सरकारी गुप्तवार्ता खात्याला नजर ठेवू देणारा कायदा स्वीडनमध्ये 2008 साली संमत झाला होता आणि त्यावरून देशभर वाद चालू असतानाच, 2009 मध्ये, फ्रेडरिक स्ट्रोमबर्ग आणि डॅनियल बर्न्टसन यांनी ही सेवा सुरू केली. दरमहा 5 युरो हा दर तेव्हापासून बदललेला नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले तरी महिन्याचा दर तोच राहतो, त्यामुळे सवलतीपायी ग्राहक दीर्घकाळ बांधला जात नाही. नाव किंवा ई-मेल विचारला जात नाही, ग्राहकाला फक्त एक खातेक्रमांक मिळतो, आणि रोख नोटा पाकिटात घालून टपालाने पाठवण्याचीही मुभा आहे. तरीही कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते करून घ्यायचे, तर खाते आणि देयक यांचा दुवा सतत जपावा लागतो. म्हणून जून 2022 मध्ये कंपनीने अशी आवर्ती वर्गणी नव्याने घेणे थांबवले. मुदत संपली की ग्राहकाने आठवणीने पुन्हा पैसे भरावेत, ही गैरसोय तिने पत्करली आणि आपोआप येत राहणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडले. दहा महिन्यांनी, 18 एप्रिल 2023 रोजी, स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन कार्यालयात आले. ग्राहकांची मागितलेली माहिती येथे नाहीच, हे पटवून दिल्यावर ते रिकाम्या हाताने परतले. किमतीने जो विश्वास नुसता सुचवला असता, तो नोंदवहीच्या अभावाने सिद्ध झाला.

भारतात याच काळात नेमकी उलटी मागणी पुढे आली. सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी वर्गणीदारांची पडताळलेली नावे, पत्ते, संपर्क आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती पाच वर्षे जपणे बंधनकारक झाले. गुन्ह्यांच्या तपासाची निकड खरी असली, तरी एकाही गुन्ह्याचा संशय नसलेल्या सर्व ग्राहकांचा असा तक्ता सक्तीने तयार करवणे, सर्वोच्च न्यायालयाच्या 24 ऑगस्ट 2017च्या निकालाने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानणाऱ्या देशात, समर्थनीय ठरत नाही. असा तक्ता ठेवण्याऐवजी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. एक्सप्रेसव्हीपीएनने तर भारतीय इंटरनेट-पत्ता हवा असणाऱ्या ग्राहकांना तो सिंगापूर आणि ब्रिटनमधील यंत्रांवरून पुरवायला सुरुवात केली.