पेजेवर वाढलेले पिलू

आमच्या मुळशीकडच्या जुन्या घरात चुलीच्या डाव्या अंगाच्या कोनाड्यात एक पितळी बोंडले असे. त्याची चोच एका बाजूला चेपलेली होती, कडा झिजून पातळ झाल्या होत्या, आणि घरातील इतर भांडी सणासुदीला चिंचेने लखलखीत होत असताना हे एकटे मात्र काळवंडलेलेच राही, कारण ते पुन्हा कधी तान्ह्या मुलाच्या ओठांना लागणार नव्हते. त्याने घरातली तीन पिढ्यांची मुले दूध प्याली होती. परंतु एका पावसाळ्यात आजीने ते कुत्र्याच्या पोरक्या पिलांसाठी खाली काढले आणि त्या दिवसापासून ते माणसांच्या भांड्यांतून कायमचे बाहेर पडले. कुत्र्याचे भांडे निराळे, ही मर्यादा आमच्या कुणब्याच्या घरातही पाळली जात होती. आणि तरीसुद्धा ज्या भांड्याने आपली लेकरे जगवली तेच भांडे बाईने मुक्या जिवाला देऊन टाकावे, ही घटना मला त्या प्रदेशाच्या इतिहासातील एक अस्सल कागद वाटत आली आहे.

कागदांची या मुलखात वाण नाही. पौड खोरे, मुठे खोरे, कोरबारसे ही बारा मावळांतील नावे शिवकालापासूनच्या दप्तरांत वारंवार भेटतात. मौजा, तर्फ, वतन, सारा, गल्ला, बलुते यांच्या नोंदींनी ती दप्तरे भरलेली आहेत. पण दप्तर त्याचीच नोंद करते ज्याच्यापासून सरकारात काही जमा होते किंवा ज्याला सरकारातून काही द्यावे लागते, आणि खेड्यातील कुत्रा या दोन्ही सदरांत कधी बसला नाही. राजाच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. छत्रपती शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची समाधी साताऱ्यालगत संगम माहुलीस आजही दाखवतात, आणि वाघापासून धन्याचा जीव वाचवल्याबद्दल त्याला पालखीचा मान मिळाल्याची कथा तिथे सांगितली जाते. पुढे शहरातील कुत्राही कायद्याच्या नजरेस पडला. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवरील कराची तरतूद आहे आणि १९५० साली स्थापन झालेल्या पुणे महानगरपालिकेला तोच अधिनियम लागू झाला. मुळशीच्या अंगणातील पिलू पालखी आणि कर या दोहोंच्या मध्ये, कोणत्याही बारनिशीत न शिरता, भाताच्या पेंढ्यावर वाढत राहिले. त्याचा इतिहास शोधायचा तर तो स्वयंपाकघरातील भांड्यांत आणि बायकांच्या बोलण्यातच शोधावा लागतो.

पिलू पोरके होते ते का, याचे उत्तर त्या डोंगरातच आहे. सह्याद्रीच्या कडेवरील वस्त्यांत व्यालेली कुत्री पिलांसाठी अन्न-पाण्याच्या शोधात रात्री-अपरात्री बाहेर पडते आणि बिबळ्याच्या तोंडी जाते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबळ्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या मानाने त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. ज्यांनी घाटमाथ्यावर रात्री काढल्या आहेत त्यांना हा आकडा नवा वाटणार नाही. कुत्र्याचे भुंकणे एकाएकी तुटते, क्षणभर सारे रान स्तब्ध होते आणि सकाळी गोठ्यामागच्या पेंढ्यात मिटल्या डोळ्यांची तीन-चार पिले एकमेकांच्या अंगावर चढून कुईकुई करताना सापडतात. वाघ आणि कुत्रा यांचा हा संबंध आमच्या भाषेतही उतरला आहे; जेजुरीच्या खंडोबाचा भक्त वाघ्या म्हणवतो आणि देवाच्या दारी कुत्रा होऊन राहण्यात धन्यता मानतो, धनगराच्या वाड्यावरील कुत्र्याचेही नाव बहुधा वाघ्याच असते. ज्या कुळाचे दैवत खंडोबा, त्या घरी आलेले पोरके पिलू झिडकारणे सोपे नसे.

पण दया असणे निराळे आणि पिलू जगवणे निराळे. ही एक विद्या होती, आणि ती विद्या स्वतंत्रपणे कुणी रचलेली नव्हती. बाळंतघरातून, गोठ्यातून आणि कोंबड्यांच्या डालग्याखालून थोडी थोडी उचलून बायकांनी ती उभी केली होती. तिचा पहिला नियम आजी एका वाक्यात सांगे : "आधी त्याला ऊब दे, मंग दूध पाज." नवजात पिलाला कुडकुडता येत नाही, पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराची उष्णता भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते आणि गारठलेल्या पिलाच्या पोटात दूध गेले तर ते पचत नाही, तसेच साकळून राहते. पशुवैद्य आज त्याच्याभोवती ३० ते ३२ अंश सेल्सियस तापमान राखायला सांगतात. ताम्हिणीच्या बाजूला, जिथे कित्येक वर्षी पाऊस सहा हजार मिलिमीटर ओलांडतो आणि श्रावणात भिंतीसुद्धा ओल धरतात, तिथे ही ऊब घरात एकाच जागी मिळण्यासारखी होती, आणि ती म्हणजे चुलीच्या वैलाजवळची. निखारे मागे ओढलेल्या वैलापासून हातभर अंतरावर टोपली, टोपलीत भाताचा कोरडा पेंढा, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा, आणि रात्री चूल विझली की घरातील कुणाच्या तरी घोंगडीची एक बाजू त्या टोपलीवर, अशी ती व्यवस्था असे.

दुधाच्या बाबतीत मात्र मते भिन्न होती. गावातील जाणती माणसे शेळीच्या दुधाचा आग्रह धरीत आणि ते मुलांना मानवते तसे पिलालाही मानवते असे म्हणत. परंतु शेळीचे दूध घटकांच्या दृष्टीने गायीच्या दुधाच्याच जवळचे आहे, आणि या कामापुरती त्याची कीर्ती त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे असे माझे मत झाले आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ९ टक्के आणि प्रथिने ७ ते ८ टक्के असतात. गायीच्या दुधात हेच प्रमाण अनुक्रमे ४ आणि सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येते, उलट दुग्धशर्करा मात्र गायीच्या दुधात अधिक असते, म्हणून पोट भरेपर्यंत गायीचे दूध पाजलेले पिलू एकीकडे खंगते आणि दुसरीकडे हगवणीने बेजार होते. डोंगरमाथ्यावरील पठारांवर गवळी धनगरांच्या म्हशी होत्या, आणि म्हशीच्या दुधातील ७ टक्के स्निग्धांश या गरजेच्या पुष्कळ जवळ जातो. पण जड पडेल या भीतीने बहुतेक घरी त्यातच निम्मे पाणी घालीत आणि हाती आलेला लाभ घालवून बसत. आजी पाणी घालीत नसे. निरसे दूध ती उकळी, कोमट होऊ देई, आणि पिलू आठवड्याचे झाले की त्यात अंड्यातील पिवळ्या बलकाचे दोन थेंब कालवी. हे तिला कुणी शिकवले ते मी विचारले नाही, याची खंत आजही वाटते.

त्या पावसाळ्यात पिले तीन होती; त्यांतील एक माझ्या हातून गेले. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. तान्ह्या बाळाला मांडीवर उताणे घेऊन बोंडल्याने दूध पाजताना मी घरात पाहिले होते, तसेच मी पिलाला उताणे धरले आणि बोंडले त्याच्या तोंडात वाकवले. दूध नाकावाटे बाहेर आले, पिलू दोनदा शिंकले, मग गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत घरघर लागून मेले. आजीने मला रागे भरले नाही. तिने दुसरे पिलू उचलले, गोणपाटावर पालथे ठेवले, कुत्रीच्या कुशीत ते असते तसे त्याचे पुढचे पाय टेकू दिले, आणि कापसाचा बोळा दुधात भिजवून त्याच्या ओठाशी नेला. पिलाने मान वर केली, पुढच्या पंज्यांनी गोणपाट दाबायला सुरुवात केली, आईचे आचळ दाबावे तसे, आणि बोळा चोखू लागला. जे बोळ्यातून येईल ते पिलू आपल्या बळाने ओढून घेते, बोंडल्यातले मात्र त्याच्यावर येऊन पडते, हा फरक त्या क्षणी मला जो कळला तो कायमचा. पुढे पिलांच्या जिभेला जोर आल्यावर बोंडले पुन्हा वापरात आले, पण पिलू पालथेच.

दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि रात्री निदान दोनदा हा बोळा फिरे. प्रत्येक वेळी पाजून झाले की ऊन पाण्यात पिळलेली मऊ चिंधी पिलाच्या ओटीपोटाखालून हलकेच फिरवायची, कारण पहिले दोन-तीन आठवडे पिलाला आपण होऊन मूत्रविसर्जन करता येत नाही. आईची जीभ ते काम करते, आणि जीभ नाही तिथे चिंधीला जीभ व्हावे लागते. नुसते दूध पाजणाऱ्यांची पिले पोट फुगून मरत ती या अज्ञानाने. याहून अवघड गोष्ट होती ती चिकाची. गायीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, पण कुत्रीचा चीक पिलाला पहिल्या दिवसात मिळाला तरच आईची रोगप्रतिकारक शक्ती त्याच्या रक्तात उतरते, आणि ती उणीव बोंडले भरून काढू शकत नाही. म्हणून आसपास दुसरी व्यालेली कुत्री असेल तर तिच्या पिलांच्या पेंढ्यात पोरके पिलू लोळवून, त्यांचा वास त्याला लागला की हलकेच तिच्याकडे लावायचे, हा पहिला उपाय समजला जाई. वासरू दगावलेल्या गायीला भोत दाखवून पान्हा सोडायला लावणाऱ्या लोकांना ही युक्ती सुचणे स्वाभाविक होते.

दहाव्या ते चौदाव्या दिवसात डोळे उघडत, तिसऱ्या आठवड्यात दातांची टोके बोटाला लागत, आणि मग पेज येई. मुळशीची खरी संपत्ती आंबेमोहर. त्याची कणी शिजवून केलेली पेज तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला आणि दात पडलेल्या म्हाताऱ्याला देण्याची इथली जुनी रीत. मुलाच्या पहिल्या अन्नग्रहणाला आपण उष्टावण म्हणतो, आणि आजी तोच शब्द पिलासाठीही पूर्ण गांभीर्याने वापरी. मला आठवते ती उथळ पितळी ताटली, तिच्यात बोटभर उंचीची, मीठ न घातलेली, दुधाने पांढरी झालेली कोमट पेज, आणि आंबेमोहराचा तो मोहोरासारखा वास सबंध ओटीवर. पिलू ताटलीत चारी पायांनी उतरले, नाक बुडवून शिंकले, मागे सरले, आपलाच भिजलेला पंजा चाटू लागले आणि पंजावरून जिभेला ताटलीची वाट सापडली. त्यानंतर रोज दूध थोडे कमी, पेज थोडी दाट. मग पेजेत भिजवलेला भाकरीचा मऊ भाग, आणि सात-आठ आठवड्यांचे होईतो दुधाचे नाव नाही. नुसत्या पेजेवर मात्र पिलू सुटत नाही. पोट नगाऱ्यासारखे होते आणि पुढचे पाय वाकतात. ज्या घरी कोकणातून घाटाने आलेली सुकट पेजेत कुस्करली जाई, त्या घरची कुत्री पायाने मजबूत निघत, हे पुष्कळांनी पाहिलेले होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हा आंबेमोहर पिकवणाऱ्या याच खोऱ्यात मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणाखाली सुमारे पन्नास गावांची भातखाचरे जाणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्या मागे मावळे उभे राहिले, बापटांना सेनापती ही पदवी या लढ्याने दिली, आणि तीन वर्षांच्या झुंजीनंतरही पाणी चढलेच. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कशाचा, ते नमूद होते : जमिनीची बाजारभावाने किंमत, उभे पीक, झाडे, घर हलवण्याचा खर्च. उंबऱ्याशी बसणाऱ्या जनावराचे सदर त्यात नव्हते, आणि असते तरी त्यात काय लिहावे हे मामलेदाराला कळले नसते. धनी गेला तरी कुत्रा जागा सोडीत नाही, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धरणाच्या पाण्याकडे पाहताना माझ्या मनात सत्याग्रहींच्या पाठोपाठ त्या उंबऱ्यांवरच्या जनावरांचा विचार येतो, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या कणीची पेज पिलांच्या ताटलीत पडे ती पिकवणारी सर्वांत कसदार खाचरे त्या पाण्याखाली आहेत. गावे विखुरली, पण बोंडले, टोपली आणि उष्टावणाची रीत बायकांनी आपल्याबरोबर नेली; आमच्या घरीही ती तशीच, नेसत्या लुगड्यानिशी आलेल्या एका पणजीबरोबर आली.

आता पिले पोरकी होण्याचे कारण बदलले आहे. हिंजवडीपासून पौडापर्यंत रस्ते रुंद झाले, आणि बिबळ्याहून अधिक कुत्र्या मोटारींखाली जातात. रोगही नवा आहे. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तो नेमका दूध सुटण्याच्या दिवसांत पिलाला गाठतो, जेव्हा आईकडून आलेले संरक्षण ओसरलेले असते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांची पहिली लस आता उष्टावणाचाच भाग समजली पाहिजे, आणि तीन महिन्यांची रेबीजची लसही. ज्यांनी पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अनुभवली त्या पिढीला ही शेवटची सूचना पुन्हा सांगावी लागत नाही. एक गोष्ट मात्र जुन्यांनी आपण होऊन बरोबर धरली होती. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली दीर्घ प्रयोगांनंतर लिहिले की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्यांच्या सहवासात राहते त्यांनाच ते आपले मानते. आजी दोन्ही उरलेली पिले एकाच टोपलीत ठेवी, एकटे पिलू चावरे होते म्हणे, आणि पाचव्या आठवड्यात त्यांना शेळीच्या करडांत सोडी.

त्या वर्षी पोळ्याच्या आसपास पाऊस उघडला. सकाळी बैलांच्या शिंगांना रंग देणे चालले असताना दोन पिलांतील धाकटे, ज्याला मी कुणाला न सांगता वाघ्या म्हणू लागलो होतो, वैलाजवळच्या टोपलीतून स्वतः बाहेर आले, ओटी ओलांडली, उंबऱ्यावर पोट टेकून दोन क्षण अडकले आणि पलीकडे अंगणातल्या चिखलात पडले. आजीने हातातील हिंगुळाची वाटी खाली ठेवली, टोपली उचलली, पेंढा गोठ्यात झटकला आणि बोंडले धुऊन कोनाड्यात ठेवले.