बंब, नहर आणि गरम पाण्याचा हिशेब

मागच्या शनिवारी आमच्या घरचा गीझर गेला. ऐन थंडीत. बाबा म्हणाले, "पंचवीस लिटरचा नवा आणू, विषय संपला." पण शनिवारी आमच्यातला इंजिनिअर रिकामा असतो ना :) मी हीट पंपवाल्या वॉटर हीटरचं कोटेशन मागवलं. आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात तुझ्या आजीने जन्मभर बंब पेटवला असता!"

झालं, डोक्यात बंब शिरला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी, नळीत पेटलेलं बंबफोड किंवा गोवऱ्या आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. विस्तव पाण्याच्या पोटात, त्यामुळे आच फारशी वाया जात नाही. पहाटे एकजण बंब पेटवणार आणि सगळं घर नंबराने आंघोळ करणार. वाड्यात तर दोन-तीन बिऱ्हाडं एकाच बंबावर. पुढे वाडे गेले, फ्लॅट आले, आणि प्रत्येक बाथरूमला स्वतःचा गीझर लागला. सोय झाली, पण १ युनिट वीज जाळली की जेमतेम १ युनिट उष्णता, असा तो सौदा.

हीट पंपाचा सौदा वेगळा आहे. तो समजवायला आपल्या शहराइतकं चांगलं उदाहरण नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. वसवली खरी, पण एवढ्या वस्तीला पाणी कुठून? त्याने १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली. डोंगरपायथ्याचं भूजल गोळा करायचं आणि जमिनीखालच्या बांधीव नहरीतून उताराने शहरात आणायचं. पाणी तिथे होतंच. त्याने ते फक्त आणलं.

हीट पंपही उष्णता तयार करत नाही, आणतो. बाहेरच्या हवेत उष्णता असतेच, अगदी १० अंशांच्या पहाटेही. फरक इतकाच की पाणी आपण होऊन उताराने येतं, उष्णतेला मात्र थंडाकडून गरमाकडे चढवावं लागतं. म्हणजे मोटच म्हणा. बैल पाणी बनवत नाही, वर ओढतो. इथे बैलाच्या जागी कॉम्प्रेसर. फ्रिजचंच यंत्र, कामाची बाजू उलटी. १ युनिट विजेत पाण्याला साधारण ३ युनिट उष्णता मिळते. (कडक थंडीत कमी, आपल्या उन्हाळ्यात जास्त.)

हे काही नवं खूळ नाही. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती. १९३८ मध्ये झुरिकच्या टाऊन हॉलला लिम्माट नदीच्या गार पाण्यातून ऊब मिळू लागली. गार नदीतून!

आता हिशेब. चौघांना रोज १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर साडेतीन युनिट लागतात. हीट पंपाला सव्वा युनिटच्या आत. १० रुपये युनिट धरा, वर्षाचे ३०० दिवस धरा. बचत साधारण ७ हजार. मला आलेलं कोटेशन गीझरपेक्षा ७० हजारांनी जास्त होतं. म्हणजे पैसे वसूल व्हायला दहा वर्षं! महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या वर जाऊन महाग स्लॅबमध्ये शिरत असेल, तर थोडं लवकर. बाबा जिंकले.

सरकारी मदत? अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने अशा हीटरवर ३० टक्के, कमाल २ हजार डॉलर कर-सवलत मिळायची. तीही २०२५ अखेर संपली. आपल्याकडे सोलर हीटरला केंद्राचं अनुदान होतं, २०१४ मध्ये बंद झालं. पण २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गंमत आहे. घरच्या छतावरच्या सोलर विजेला कमाल ७८ हजार अनुदान, आणि हाउसिंग सोसायटीच्या सामाईक विजेला किलोवॅटमागे १८ हजार.

सामाईक! इथे मला बंब परत आठवला. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट. गच्चीवर एकच मोठा हीट पंप बसवला तर बचत बारा पट, वर्षाला ८४ हजार. यंत्राची किंमत काही बारा पट होत नाही. गरम पाण्याच्या पाइपांना चांगलं वेष्टण हवं, खर्च कसा वाटायचा यावर भांडणंही होतील, पण गणित बसतं. जी गोष्ट लांबून आणायची, ती एकट्याने आणणं परवडत नाही. नहर काही मलिक अंबरने स्वतःच्या न्हाणीघरापुरती बांधली नव्हती.

असो. रविवारी पंचवीस लिटरचा गीझर आणला, सोमवारी ऑफिसला जायचंच होतं. पण सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी विषय लिहून सेक्रेटरी काकांना दिलाय. बाबा म्हणाले, "आकडे मी सांगतो, तू फक्त नहरीचं सांगू नकोस, लोक उठून जातील."

तुमच्या सोसायटीत कोणी करून पाहिलंय का?