शिळेवर नसलेला आकडा

यवतमाळच्या एसटी स्टँडवर एक माजी सैनिक झोपायचा. लोक त्याला ‘मेजर’ म्हणत. प्रत्यक्षात तो शिपाई म्हणून निवृत्त झाला होता. दिवाळीत फटाका वाजला की तो बाकाखाली शिरे आणि पोरं हसत. हसणाऱ्यांत मीही होतो. पुढे लष्करी इतिहास वाचताना तो वारंवार आठवत राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर कोकणात आणि देशावर अनेक गावांत दगडी शिळा बसवल्या गेल्या. या गावातून इतके लढाईला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. परत आलेल्यांचे पुढे काय झाले, हा तिसरा आकडा शिळेवर नाही.

त्यांनी काय पाहिले होते? ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात कूट येथे तुर्कांनी सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढले होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचे सैनिक त्यात होते. आधी उपासमार, मग शरणागती, मग कैदी म्हणून वाळवंटातली पायपीट. १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’विषयी लिहिले होते. आपल्याकडे मात्र आधी सोय झाली ती शरीराच्या जखमेची. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि नंतर खडकीला आली.

त्या वाटेने किती दूर जाता येते, हे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांनी दाखवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. दीर्घ उपचार, रोजचा उद्योग आणि बरोबरीची माणसे, हे तिन्ही त्यांना मिळाले, असे मला वाटते.

मनाच्या जखमेला अधिकृत नाव मिळायला १९८० उजाडले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावाचा विकार आपल्या सूचीत घेतला. इकडे झोप यावी म्हणून कॅन्टीनची रम होती. ती निवृत्तीनंतरही स्वस्तात मिळते. व्यसनासाठी पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झाले, रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’. दोन्ही सर्वांसाठी, पण सैनिकाच्या रात्री तिथे कोण ओळखणार?

मेजरला ओळखले ते त्याच्याच पलटणीतल्या जोडीदाराने. व्यसनमुक्ती केंद्रात नेले, नंतर मानसोपचार चालू ठेवले. पेन्शन कधीच थांबली होती, कारण हयातीचा दाखला दिला नव्हता. दाखल्याला कागद हवेत, कागदांना पत्ता हवा. जोडीदाराने स्वतःच्या घराचा पत्ता दिला. दोनदा दारू पुन्हा सुरू झाली, दोनदा त्याने पुन्हा नेऊन ठेवले. शेवटी गोदामावर राखणदारीचे काम मिळाले.

परवाच्या नोव्हेंबरात ते मला बँकेच्या रांगेत दिसले. मी ओळख दिली, पोरपणीच्या हसण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या बाबू, तुम्ही लहान होते.” मग खिडकीशी जाऊन त्यांनी दाखल्यावर सही केली. सरकारदरबारी ते आणखी एक वर्ष हयात झाले.