गटात कोणाला घ्यायचं?

बीड जिल्ह्यात नवा बचत गट जुळवायला बाया बसल्या की आधी दोन गोष्टी ठरतात: किती जणी आणि कोणत्या. कितीचं उत्तर लंडनहून आलंय, कोणत्याचं गल्लीतून.

दहा ते वीस, हे सगळ्यांना पाठ असतं. वीसच का, ते फारसं कोणी विचारत नाही. इंग्लंडच्या 1862च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त माणसांनी नफ्यासाठी एकत्र व्यवहार करायचा तर नोंदणी सक्तीची होती. तेच कलम आपल्याकडे 1913च्या आणि पुढे 1956च्या कायद्यात उतरलं. नाबार्डने 1992 साली 500 गटांपासून बँक जोडणी सुरू केली, तेव्हा नोंदणीची कटकट नको म्हणून गट विसाच्या आत ठेवले. खुद्द इंग्लंडने भागीदारीवरची ही मर्यादा 2002 साली काढून टाकली, आपल्या 2013च्या कायद्याने ती वाढवली. गटांचा वीस मात्र जागचा हलला नाही. एकविसावीने नवा गट काढावा.

कोणत्या जणी, याचा माग जास्त गुंतागुंतीचा. बायकांनी बायकांना बोलवायची जुनी यादी हळदीकुंकवाची. तीत विधवा नाही, नवऱ्याने टाकलेली नाही. भिशीने कुंकू पाहिलं नाही, ऐपत पाहिली. अंबाजोगाईच्या मानवलोक या संस्थेत शैला लोहियांनी मनस्विनी प्रकल्पातून परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तो या दोन्ही याद्यांबाहेर राहिलेल्या बायांचा. पुढे राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने दारिद्र्यरेषेची यादी बाजूला ठेवून गरीब कोण हे गावाने बसून ठरवायचं, अशी रीत आणली. अपंगांसाठी पाच जणींचाही गट चालतो.

कागद एवढा उदार, पण बाया हिशेबी असतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. कर्ज विनातारण, साऱ्या गटाच्या नावावर. एकीचा हप्ता थकला की सगळ्यांचं पुढचं कर्ज अडतं. म्हणून चौकशी होते: नवरा पितो का, फायनान्सवाल्यांचे हप्ते किती चाललेत? आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बीडचा खास प्रश्न, “यंदा कारखान्याला जायचं हाय का?” मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेलं जोडपं म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या सुमाराला निघालेला कोयता उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तोवर बैठकीला कोण येणार? जाणाऱ्यांचाच वेगळा गट केला तर तितके महिने हजेरीचं रजिस्टर कोरं, आणि बँकेच्या प्रतवारीत गुण कापले जातात. ज्या बाईला उचल घ्यावी लागू नये म्हणून गट हवा, तीच अशी उंबऱ्याबाहेर राहते.

एकेका गटात कोणत्या जातीच्या बाया असाव्यात, ते नियम ठरवत नाहीत. ते काम वस्ती करते. रमाई, जिजाऊ, अहिल्या: गटाचं नाव ऐकून गावातला माणूस बहुधा गल्ली सांगू शकतो. तालुक्याच्या तक्त्यात सगळ्या प्रवर्गांचे रकाने भरलेले दिसतात. एकेका गटाच्या रजिस्टरमध्ये पुष्कळदा एकच.