संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर : उभारणी आणि स्पॅमचा बंदोबस्त

दूध संस्था, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, बऱ्याच जणांचा पत्रव्यवहार अजून फुकटच्या जीमेलवर चालतो. सचिव बदलला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, जुने मेलही जातात. संस्थेच्या नावाचं डोमेन घेतलं की खाती संस्थेच्या ताब्यात राहतात. डोमेनचं नूतनीकरण मात्र चुकवू नये.

ऑफिसातल्या जुन्या संगणकावर सर्व्हर बसवायचा मोह होतो, पण ते जमत नाही. लाईट जाते हे कारण दुय्यम; सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा प्रयत्न करत राहतो. खरी अडचण आयपीची. साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो, पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतं आणि असे आयपी स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीत आधीच असू शकतात. त्यामुळे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घ्यावा. पाच-दहा खात्यांना २ जीबी रॅम चालते. घेण्याआधी पोर्ट २५ उघडून मिळेल का, हे विचारून घ्यावं.

लिनक्सवर पोस्टफिक्स मेलची ने-आण करतो, डवकॉट पेटीतले मेल दाखवतो. दोन्ही फुकट. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळतं.

पुढचं काम डोमेनच्या नोंदींचं, आणि घाईत तेच राहून जातं. एमएक्स नोंद मेल कुठे पोहोचवायचा ते सांगते. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची यादी म्हणजे एसपीएफ. डीकेआयएम हा प्रत्येक मेलवरचा सही-शिक्का. हे दोन्ही जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. सुरुवातीला ते नुसतं निगराणीवर ठेवावं. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडून करून घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं. हे नसेल तर कांद्याचं कोटेशन खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं आणि इकडे सगळे उत्तराची वाट बघत बसतात.

येणाऱ्या स्पॅमसाठी ग्रेलिस्टिंग जुनं पण कामाचं. अनोळखी सर्व्हरला आधी ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचं. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाले बरेचसे येत नाहीत. पहिला मेल आणि ओटीपी मात्र उशिरा येतात. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला गुण देतो. मुळात ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो. असे मेल लगेच पुसू नयेत, वेगळ्या फोल्डरात टाकून रोज एकदा चाळावेत. एखादी खरी ऑर्डरही तिथेच सापडते.

बाहेर जाणाऱ्या स्पॅमवर तर जास्तच लक्ष हवं. एका खात्याचा पासवर्ड ‘१२३४५६’ असला तरी रात्रीतून हजारो मेल सुटतात आणि संस्थेचा आयपी काळ्या यादीत जातो. तिथून नाव काढायला दिवस लागतात. फेलटूबॅन बसवावं, तासाला किती मेल जातील याची मर्यादा ठेवावी.

एक प्रकार मात्र कुठल्याच गाळणीत पक्का अडकत नाही. नावात एखादं अक्षर बदललेल्या डोमेनवरून ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल येतो. पैसे सोडण्याआधी जुन्याच नंबरवर फोन करावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर तक्रार करावी.

अपडेट आणि बॅकअप बघणारा माणूस नसेल तर सर्व्हरच्या फंदात न पडता तयार सेवा विकत घ्यावी. डोमेन तेव्हाही संस्थेच्याच नावावर असावं, संगणक दुकानदाराच्या नाही.