संग्रहालय शेवटी बघायचं

पोस्ट थोडी मोठी आहे. पण सुट्टी लागलीय, पोरं घरात आहेत आणि मोबाईल त्यांच्या हातात आहे. त्यामुळं हे आत्ताच सांगायला हवं.

दर मे महिन्यात आमच्या घरी पोरांची फौज उतरते. पुण्याचे दोन भाचे, लातूरची भाची, शिवाय गल्लीतली सात-आठ. मामाच्या गावाला आलेली पोरं म्हणजे पहिले चार दिवस आंबे, पाचव्या दिवशी भांडणं. म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरवलं, यांना तेरला न्यायचं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर. संत गोरोबाकाकांचं तेर. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे.

नेलं. आणि सपशेल फसलो.

थेट संग्रहालयात घुसवलं होतं पोरांना. वीस मिनिटांत सगळी बाहेर. "मामा, झालं की बघून. आता आईस्क्रीम." चूक पोरांची नव्हती, माझी होती. काचेमागं ठेवलेला मणी, खापर, मातीची बाहुली बघून ज्याला प्रश्नच पडलेला नाही, त्याला उत्तर दाखवून काय उपयोग?

मागच्या उन्हाळ्यात मग क्रमच उलटा केला. आधी माती, मग कुंभार, मग टेकाड, मग देऊळ, आणि संग्रहालय सगळ्यात शेवटी.

तेरच्या सहलीआधी आठवडाभर गावातल्या कुंभारकाकांकडं पोरांना नेलं. तेरच्या जुन्या हलक्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यात जादू नाही. मातीत भुसा मिसळायचा, भाजताना तो जळून जातो, वीट आतून सच्छिद्र होते. पोरांनी दोन प्रकारच्या बोटभर विटा केल्या, एक साध्या मातीची, एक भुसा घातलेली. काकांनी त्या वाळवून आव्यात भाजून दिल्या. भुशाची वीट हातात घेताच हलकी लागली. पाण्यात टाकली तर मात्र दोन्ही बुडाल्या! पोरं खट्टू झाली. काका हसून म्हणाले, "त्या लोकांचं प्रमाण जमायला तुम्हाला अजून लई उन्हाळे लागतील." दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराबद्दलचा आदर माझ्या भाषणातून आला नसता, तो त्या बुडालेल्या विटेतून आला.

तिथंच गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. संतमेळ्यात थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थोपटून कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं हे सांगितल्याची. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं ती. काकांनी लगेच दोन मडकी वाजवून आवाजातला फरक ऐकवला. मग दिवसभर पोरं एकमेकांची डोकी वाजवत होती, ते सोडा.

सहलीच्या दिवशी सहालाच निघालो. उन्हाळ्यात आपल्याकडं दहानंतर फिरणं म्हणजे पोरांना आजारी पाडणं. उन्हं कोवळी असेपर्यंत तेरणा नदीकाठच्या टेकाडांकडं चालत गेलो. आपल्या गावांना काळी आणि पांढरी असते, हे आजीनं सांगितलेलं असतं. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यानपिढ्या घरं पडली, राख पडली, भिंतींची माती विरघळली, त्यावर पुन्हा घरं उठली. त्यातून ही पांढरी तयार झाली. म्हणजे टेकाड हे निसर्गानं केलेलं नाही, माणसांनी राहून राहून केलंय.

नियम एकच होता. दिसलं तर वाकून बघायचं, उकरायचं नाही, खिशात घालायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांत भाचीनं लाल खापराचा तुकडा बघितला आणि विचारलं, "मामा, हे कोणी फोडलं?"

मला वाटतं, इतिहासाचा अभ्यास इथून सुरू होतो. राजाच्या जन्मतारखेपासून नाही.

मग झाडाखाली बसून हिशोब केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात 'तगर' नगराचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगराहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांवर लादून आडरानातून भडोचला जायचा. पोरांनी बोटं मोजली. वीस आणि दहा, एक महिना! बैलगाडीनं एक महिना जाऊन आपल्या भागातलं कापड जहाजात चढायचं.

हे तगर नक्की कुठलं, यावर बराच काळ वाद होता. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडलं. गंमत बघा, कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला अभिमानानं 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य समुद्रकाठी आणि पन्हाळ्याकडं, पण बिरुदात नाव आपल्या तेरचं!

तिथून त्रिविक्रम मंदिर. मागची बाजू अर्धगोल, विटांची, वर कमानदार छप्पर. मूळ वास्तू बौद्ध चैत्य असावी असं अनेक अभ्यासक मानतात. पुढं तिथं विष्णूचा त्रिविक्रम आला. असं विटांचं चैत्याच्या घाटाचं उभं मंदिर आंध्रातल्या चेझर्ल्याला आहे, नाहीतर फार थोड्या ठिकाणी. धर्म बदलला तरी गावानं इमारत पाडली नाही, वापरत राहिलं. म्हणून ती आज उभी आहे. एवढं वाक्य पोरांपुढं बोललो आणि गप्प बसलो.

आणि मग, नऊ-साडेनऊला, संग्रहालय.

तीच पोरं, तीच काच. पण आता कुणी बाहेर निघेना. टेकाडावर बघितलेल्या खापराचं अख्खं भांडं कुठं दिसतंय, हे शोधणं चाललेलं. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट. आणि ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्याशी नातं सांगणारी आहे. आपल्या जिल्ह्यातलं एक गाव आणि पाँपेई, एका वाक्यात!

तेवढ्यात धाकट्या भाच्यानं मला कोपऱ्यात ओढलं. मूठ उघडली. टेकाडावरचा खापराचा तुकडा. रडवेला होऊन म्हणाला, "तू म्हणालास उचलायचं नाही. मग लामतुरेंनी कसं उचललं?"

खरं सांगतो, क्षणभर उत्तर सुचलं नाही.

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. नांगराच्या फाळाला लागून, पावसानं धुऊन वर येणाऱ्या ज्या वस्तू इतरांनी बांधावर फेकल्या असत्या, त्या त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या. हजारो वस्तू. आणि घरात ठेवून घेतल्या नाहीत, त्या सगळ्यांच्या झाल्या. म्हणून आज संग्रहालय आहे. त्यांनी उचललं ते हरवत होतं म्हणून, आणि उचललेलं परत दिलं.

पण दुसरी बाजूही पोराला सांगितली. १९५८ साली इथं उत्खनन झालं, पुढंही झालं. ते लोक थर सोडवत, मोजमापं लिहीत खाली जातात. कोणत्या थरात, कशाशेजारी वस्तू मिळाली, ही तिची अर्धी गोष्ट असते. मणी नुसता उचलला की मणी राहतो, गोष्ट जाते. शिवाय कायदाही आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर कळवायचं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, आणि पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत.

परत जाताना वाकडी वाट करून टेकाडावर गेलो. भाच्यानं तुकडा जिथून घेतला तिथं ठेवला. जागा बरोबर आठवत होती त्याला. ऊन चढलं होतं, कुणी कुरकुरलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

तेरला लामतुरे होते. आपल्या बाकीच्या गावांत कोण आहे? पांढरीची माती माळवदावर टाकायला नेतात, शेतात पसरायला नेतात. आता जेसीबी आलाय. पूर्वी जे टेकाड शंभर वर्षं पुरायचं ते दोन दिवसांत सपाट होतं. त्यात काय गेलं हे कुणाला कळतही नाही, कारण बघणारा डोळाच नसतो. पहारेकरी ठेवून हे थांबणार नाही, गावोगावी किती ठेवणार? पण ज्या पोरानं एकदा काचेमागं मणी बघितलाय, ते पोरगं ट्रॉलीतल्या मातीत मणी दिसला तर थांबेल. ओरडेल. सरांना, ग्रामपंचायतीत सांगेल.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना, वाचनालयांना, तरुण मंडळांना विनंती. उन्हाळी शिबिरात चित्रकला स्पर्धा घ्याच, पण एक सकाळ या कामाला द्या. खर्च एसटीचं तिकीट, पाण्याच्या बाटल्या, डब्यात दशम्या. संग्रहालयाच्या वेळेची आधी चौकशी करा, टोप्या विसरू नका, आणि पोरांना तिथं शेवटी न्या.

तेर लांब असेल तर आपल्याच गावच्या पांढरीवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. जुनी वेस कुठं होती, आड कुठं होता, विचारा. पोरांना विचारू द्या.

तुमच्या गावची पांढरी अजून शाबूत आहे का? खाली गावाचं नाव टाकून नक्की सांगा. शाळा उघडायच्या आत चार गावं फिरायचा आमचा बेत आहे. भाचा आत्तापासून टोपी घेऊन बसलाय.