मूर्च्छा की संन्यास? शुद्ध हरपण्याच्या शब्दांचा इतिहास (थ्रेड)

'संन्यास' म्हटले की भगवी वस्त्रे डोळ्यांपुढे येतात. चरकसंहितेच्या वैद्यासाठी मात्र हा शब्द धावपळ करायला लावणारा होता.

संहितेच्या सूत्रस्थानात, २४व्या अध्यायात, शुद्ध हरपण्याच्या चढत्या पायऱ्या आहेत : मद, मूर्च्छा आणि संन्यास. मूर्च्छेत आकाशाचा रंग पालटलेला दिसतो, अंधारी येते आणि मग भान परतते. दोषांचा वेग ओसरला की मद व मूर्च्छा आपोआप शमतात. संन्यास औषधावाचून शमत नाही. रुग्ण लाकडासारखा, मृतवत् पडतो.

म्हणजे नाव ठरवणे हा शब्दच्छल नव्हता. वाट पाहायची की तत्काळ हात घालायचा, हे त्यावर ठरे. खोल पाण्यात बुडणारे भांडे तळाला जाण्याआधी पकडावे, तसा हा रुग्ण वाचवावा, असा दृष्टान्त तेथे आहे. उपायही तसेच जहाल : तीक्ष्ण अंजन, नखांखाली सुया टोचणे, केस उपटणे, अंगाला खाजकुयली चोळणे! आज हे क्रूर वाटेल. पण १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल व जेनेट यांनी मांडलेल्या कोमाच्या मोजपट्टीतही वेदनेला रुग्ण कसा प्रतिसाद देतो हे पाहतात, आणि त्यासाठी नखावर दाब देण्याची रीत आहे. फरक हेतूचा : येथे मोजमाप, तेथे उपचार.

तत्त्वज्ञांची अडचण निराळी होती. मांडूक्योपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था. मग बेशुद्ध माणूस कोणत्या अवस्थेत? ब्रह्मसूत्रांत त्याला 'मुग्ध' म्हटले आहे (होय, मराठीत गोड झालेला तोच शब्द). शंकराचार्यांचे भाष्य येथे एखाद्या वैद्याच्या टिपणासारखे वाचावे. गाढ झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास सम चालतो, हाताच्या स्पर्शाने तो उठतो. मुग्धाचा चेहरा विक्राळ, डोळे विस्फारलेले, आणि मुद्गराचा प्रहार झाला तरी तो उठत नाही. निर्णय असा की ही अर्धी सुषुप्ती.

मराठीने पुढे फारसी 'बे' आणि आपली 'शुद्ध' जोडून 'बेशुद्ध' घडवला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. औषधाने आणलेल्या या बेशुद्धीला मराठीत नाव मिळाले ते मोहिनीच्या शब्दाचे : भूल.